हात लावा गो कुणी

१

वेळ दुपारी साडेबाराची. महिना मे, साल २०१८. ठिकाण रोह्याच्या बाहेर, कुंडलिका नदीच्या काठाने नव्याने केलेलं उद्यान आणि त्यातली फिरायची वाट. आभाळ मोकळं, वारा पडलेला. दुपारी उद्यान बंद असतं. त्या दिवशीही बंद होतं आणि आत एकच माणूस होता.

दत्तात्रेय टेमकर. पेणच्या एका साप्ताहिकात उभा जन्म काढलेला बातमीदार. निवृत्त म्हटलं की भडकायचे. सरपंच निवृत्त होतो, मास्तर निवृत्त होतो. ज्याला प्रश्न पडतात तो कसला निवृत्त होतोय, असं म्हणायचे. नदीपलीकडच्या अष्टमी गावात लेकीने बांधलेल्या घरात नवराबायको राहत आणि रोज सकाळी पूल ओलांडून टेमकर या वाटेवर फिरायला येत. वाटेच्या तोंडाशी 'निसर्ग ट्रेल' अशी पाटी होती. त्या पाटीवरही त्यांचा राग होता. निसर्ग होता तेव्हा पाटी नव्हती.

पण आज सकाळची फेरी चुकवून ते भर दुपारी निघाले, तेव्हा चंद्रावतीबाई दारात आडव्या आल्या.

"या उन्हात कावळा फांदी सोडत नाही, आणि तुम्ही कुठे चाललात मिरवायला?"

"एक जागा बघायची आहे. उद्या तिथे स्लॅब पडणार."

"पडू दे की. तुमच्या डोक्यावर तर नाही ना पडत?"

"कुणाच्या तरी पडेल."

बाईंनी पुढे वाद घातला नाही. आतून एक कांदा आणला आणि ऊन लागू नये म्हणून नवऱ्याच्या खिशात कोंबला. "पगार बंद झाला, वणवण काही बंद होत नाही," एवढं मात्र पुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

फाटकावर सखा होता, उद्यानाचा राखणदार. खुर्चीत पेंगत होता. टेमकरांना बघून उठला आणि कुलूप काढलं.

"आत कुणी नाय बघा. पारीबाय पन जेवायला घरी गेली."

"मला कुणी नकोच आहे."

"मग लावून घेतो कुलूप. निघताना हाक मारा."

२

पारी उद्यानात झाडलोट करायची. साठीकडे झुकलेली, काटकुळी, कमी बोलणारी. आदल्या दिवशी सकाळी तिने झाडू थांबवून टेमकरांना अडवलं होतं.

"पेपरवालं दादा, त्या टेलच्या वळणावर उद्या परवा शिमिट पडतंय. नाश्ट्याची दुकानं मांडणार म्हणं."

"ऐकलंय मी."

"तीच जागा हाय."

टेमकरांना कुठली जागा ते विचारावं लागलं नाही.

"आवाज येतोय दादा," पारी म्हणाली. "दुपारचा. सकाळी मान्सं असतात, नाय ऐकू येत. तुम्ही एकदा दुपारी या. मला येडी समजा, पन या."

"तुझ्या कानात काही बिघाड नाही ना?"

"कान ठीक हायत. सुपरवायझरच्या शिव्या रोज ऐकते."

तिला एवढंच हवं होतं. फरशी पडायच्या आधी ती जागा कुणीतरी उघडावी. एकदा पक्की फरशी बसली, वर खुर्च्या-टेबलं आली, की मग तिच्या हयातीत ती कोण उघडणार?

३

वळणापर्यंतची वाट लाल ठोकळ्यांची होती आणि ते ठोकळे चपलेतून भाजत होते. दोन्ही बाजूंना कुठल्यातरी परदेशी पामची रोपं काठ्यांना बांधलेली. सावली कशाचीच नव्हती. इथे पूर्वी करवंदाच्या जाळ्या होत्या, खाली नदीकडे जांभळी होत्या आणि मधोमध उंबर, ज्याच्यावरून वस्तीला उंबराची वाडी म्हणत. दहा-बारा झोपड्यांची कातकऱ्यांची वस्ती. टेमकर पहिल्यांदा इथे आले तेव्हा चोविशीत होते. पेणहून एसटी, पुढे कुणाचीतरी सायकल. वाडीतल्या एका म्हातारीने पळसाच्या पानावर करवंदं दिली होती आणि हा शहरी पोरगा ती चिकासकट खातो की काय म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

शहरी कसला. टेमकर पेणच्या पलीकडच्या एका भातखाचरांच्या गावातले. मे महिन्याची सुटी म्हणजे त्यांच्या लेखी विहीर. तळाला गेलेलं पाणी, काठावर बायकांची रांग, आणि रांगेतून येणारी आईची हाक: "दत्ता, हात लाव रे."

ज्यांनी नळ बघितले त्यांना हे सांगावं लागतं. भरलेला हंडा बाईला एकटीने डोक्यावर चढवता येत नाही. डोक्यावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची गोल चुंबळ ठेवून ती उभी राहते आणि जो कुणी जवळ असेल त्याला म्हणते, हात लाव. मग तो कुणी का असेना, ओळखीचा की परका, भांडण असलेला की नसलेला, हातातलं टाकून वाकायचं आणि हंडा उचलून द्यायचा. घरी पोचल्यावर उतरवायलाही कुणीतरी लागतं. याला नाही म्हणायची पद्धत नव्हती. आणि एक नियम आईने कान पिळून शिकवला होता: हात लावताना हंड्याच्या काठाकडे बघायचं, बाईच्या तोंडाकडे नाही. तोंडाकडे बघितलं की हात कलतो आणि तासाभराचं पाणी सांडतं.

टेमकरांना त्या उन्हात आईच्या मनगटावर घसरलेल्या काचेच्या बांगड्या आठवल्या, ओल्या दगडाचा वास आठवला. त्यांनी खिशातल्या कांद्याला हात लावून बघितला आणि पुढे चालू लागले.

४

वळणावर फरशीची तयारी झालेली होती. जमीन सपाट केलेली, लोखंडी सळ्यांची जाळी अंथरलेली, कडेला खडी आणि सिमेंटच्या गोण्या. बाजूला एक सिमेंटचं बाक होतं. टेमकर रुमाल अंथरून त्यावर बसले.

आधी काहीच ऐकू आलं नाही. लांब औद्योगिक वसाहतीची घरघर, तीही नेहमीची.

मग आला.

खर्र... आणि थोड्या वेळाने छळ्ळ.

टेमकरांनी मान वळवली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. दगडावर धातू घासल्यासारखं खर्र, आणि पाणी ओतल्यासारखं छळ्ळ. बाजूने नाही, खालून.

त्यांच्या मनाने पहिली उडी रागाकडे मारली. त्यांचं मन तिकडेच उडी मारायचं. अर्ध्या तालुक्यात टँकर फिरतायत आणि यांची पाइपलाइन फुटून पाणी जमिनीत चाललंय. त्यांनी तिथल्या तिथे उद्यानाच्या इंजिनिअरला फोन लावला. साळुंखे म्हणून पोरगेला इंजिनिअर होता.

"साळुंखे, वळणावर तुमची लाइन गळतेय."

"टेमकर सर, जेवतोय हो मी."

"जेवा. पाणी पण प्या. इथे वाहतंच आहे."

"सर, त्या बाजूला आपली लाइनच नाही. झाडांना टँकरने घालतो आपण. आणि टँकर शुक्रवारपासून आलेला नाही."

"मग मी काय ऐकतोय?"

"ऊन लागलं असेल, सर. सावलीत बसा."

फोन ठेवल्यावर टेमकर हसले. बेडूक असेल. उंदीर असेल. उन्हाने सळ्या तडतडत असतील. एकेक कारण त्यांनी काढलं आणि एकेक स्वतःच खोडलं. कारण तो आवाज त्यांना माहीत होता. कोकणात वाढलेल्या त्यांच्या वयाच्या कुणालाही माहीत असतो. मे महिन्यात विहिरीला वीतभरही पाणी राहत नाही, पोहरा बुडत नाही. मग एक पोर दगडांच्या खाचांत पाय देत तळाला उतरते, झऱ्यापाशी बसते, आणि झिरपेल तसं वाटीने खरवडून हंड्यात भरते. वाटी भरली की ओतायची. मग झरा पुन्हा भरेपर्यंत वाट बघायची.

म्हणून मध्ये एवढा वेळ जात होता.

५

कमळी पारीची थोरली बहीण. त्या वर्षी चौदा-पंधरा वर्षांची होती.

ते साल चौऱ्याहत्तरचं. एका कंपनीने ती जागा घेतली होती. पुढे कंपनी आली, चालली, बंद पडली, आता तिचं नावही कुणाला धड सांगता येत नाही. वाडीतली माणसं दर वर्षीप्रमाणे वीटभट्ट्यांवर गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परतणार. कंपनीच्या माणसांनी तेवढं ऐकलं आणि वाडी रिकामी आहे असं धरलं. रिकामी नव्हती. बायजाबाईचा नवरा पाय मोडून पडला होता, म्हणून ती आणि तिच्या दोन मुली, कमळी आणि पारी, मागे राहिल्या होत्या. दुपारी कमळी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा हंडा आणि वाटी घेऊन विहिरीत उतरली. पारीने थोड्या वेळाने हात लावायला जायचं असं ठरलेलं. पारी गेली तर वाटेत तार ओढलेली आणि पहारेकरी उभा. आजपासून विहीर बंद, म्हणाला, पळ घरी. तारेपलीकडे डंपर मुरूम ओतत होता.

बायजाबाई संध्याकाळी बोंबलत पोलीस चौकीवर गेली. तिथे तिला सांगितलं, पोरगी भट्टीवरच्या कुणाबरोबर पळाली असेल, येईल पोटुशी राहून.

टेमकर पाचव्या दिवशी पोचले. त्यांनी लिहिलं, साप्ताहिकाने पहिल्या पानावर छापलं. लेखात एकच प्रश्न होता: विहीर बुजवण्याआधी आत कोणी वाकून बघितलं होतं का? कंपनीचा लांबलचक खुलासा आला. जमिनीची मालकी, विहिरीची दुरवस्था, मलेरियाचे डास, कातकऱ्यांच्या स्थलांतराच्या सवयी, सगळं त्यात होतं. त्या प्रश्नाला हातही लावलेला नव्हता. टेमकरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा खुलासा आला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणी खुलाशाचीही तसदी घेतली नाही. भट्टीवरून परतलेल्या वाडीला पावसाआधीच नाल्यापलीकडे हलवलं होतं.

बायजाबाईने मरेपर्यंत थोरलीचं सुतक धरलं नाही. मेली कुठे ती, म्हणायची. पाण्याला गेलीय.

६

खर्र. छळ्ळ.

आता आवाज चढत होता. भांडं भरत आलं की ओतलेल्या पाण्याचा सूर बारीक होत जातो. लहानपणी टेमकर काठावर बसून डोळे मिटून सांगायचे, आई, आता चार बोटं राहिली. आत्ताही त्यांनी नकळत तेच केलं. अजून चार बोटं. अजून दोन. आता काठोकाठ.

आवाज थांबला.

त्यांनी डोळे उघडले. ऊन तेवढंच. सळ्यांच्या जाळीवरची हवा थरथरत होती. एक पान हलत नव्हतं. औद्योगिक वसाहतीची घरघरही बंद झाली होती, की त्यांनाच ऐकू येत नव्हती, कोण जाणे. ऊन लागलंय, त्यांनी स्वतःला बजावलं. साळुंखे बरोबर आहे. उठावं, सखाला हाक मारावी, घरी जाऊन कोकम सरबत प्यावं. ते उठून वाटेकडे वळले.

"हात लावा गो कुणी."

पाठीमागून, अगदी जवळून. आवाजात भीती नव्हती, रडं नव्हतं. दमलेल्या पोरीचा साधा आवाज, ज्याला खात्री असते की कुणीतरी हात लावणारच.

विचार करायला वेळ मिळाला असता तर टेमकर कदाचित पळाले असते. पण या हाकेवर विचार करायची त्यांच्या शरीराला सवय नव्हती. ते वळले, वाकले, दोन्ही हात पुढे केले.

हातात वजन आलं. खरं वजन, मनगटाच्या शिरा ताणणारं. गार. जर्मनच्या भांड्याचा खरबरीत काठ, आणि एका बाजूला पोचा, ज्यात अंगठा बरोबर बसला. त्यांनी आईने शिकवलं तसं केलं. काठाकडे बघितलं, पाण्याकडे, आणि हंडा उचलला.

पाण्यात आभाळ दिसायला हवं होतं. डोक्यावर चहूकडे आभाळच होतं. पण त्या पाण्यात काळोख होता, आणि काळोखात खूप वर, भाकरीएवढा, वाटोळा निळा तुकडा. विहिरीच्या तळातून वर बघितल्यावर दिसतो तेवढा. त्याची कड दगडी होती. कडेवर कुणाचं डोकं नव्हतं. एकसुद्धा. आणि त्या निळ्यावर एका बाजूने काहीतरी लोखंडी, रुंद, मागे मागे सरकत आलं आणि कलायला लागलं.

"हां," आवाज म्हणाला.

हातातलं वजन गेलं. डोक्याने ते तोलून घेतलं, तसं गेलं.

टेमकर किती वेळ हात वर करून उभे होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर जाळी होती, खडी होती. मनगटांवरून कोपरापर्यंत लाल, गढूळ पाण्याचे ओघळ आले होते.

सखाने कुलूप काढलं आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"इथनं कुणी बाहेर गेलं का रे?"

"कुठनं जानार? चावी माझ्याकडं हाय." मग त्याची नजर खाली गेली. "दादानू, हात कुठं धुतलंत? नळाला पानी नाय चार दिवस."

७

नाल्यापलीकडे पारीचं घर पत्र्याचं होतं. ती उंबऱ्यात बसली होती. ताटातला भात तसाच होता. तिच्या मागे, जमिनीवर, चिंधीच्या चुंबळीवर जर्मनचा हंडा ठेवलेला होता. एका बाजूला पोचा आलेला. पाणी काठोकाठ, तळाला लाल मुरूम बसत चाललेला.

टेमकर तिच्यासमोर खाली बसले. तिने त्यांच्या हातांवरचे लाल ओघळ बघितले.

"तुम्ही चढवलात?" पारीने विचारलं.

टेमकरांनी मान डोलावली.

"मी उतरवला. जेवत होते, तवा दारातनं म्हनली, पारे, उतरव गो. मी उष्ट्या हातानं उठले."

"तोंड बघितलंस?"

"नाय. काठाकडं बघितलं. आईनं तसंच शिकवलेलं."

"काही बोलली?"

पारीने पदराने नाक पुसलं. "म्हनली, किती वेळ लावलास. रागानं नाय. असंच. उशीर झाला की बोलतो तसं."

"मग?"

"मग मी मान वर केली तर ऊन." ती हंड्याकडे वळली. "दादा, पाण्याला गेलेली मानूस पानी घेऊन घरी आली. आता तिला परत तिकडं बुजवू देऊ मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर आला तेव्हा सळ्यांच्या जाळीवर पारी बसली होती. मांडीशी तो हंडा. शेजारी टेमकर, डोक्याला टॉवेल, आणि त्यांच्या मागे छत्री धरून चंद्रावतीबाई. नवरा ऐकत नाही म्हटल्यावर त्याच आल्या होत्या आणि आल्यापासून साळुंखेला फैलावर घेत होत्या.

"सर, काम अडवू नका हो," साळुंखे म्हणाला. "मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मलाही उत्तरच हवंय."

"मागणी काय आहे तुमची? लेखी द्या."

"मागणी नाही. एक प्रश्न आहे. तुमच्या जन्माआधीचा आहे, तुम्हाला दोष नाही. वर विचारा."

साळुंखेने बाजूला जाऊन फोन केला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. जुनी कागदपत्रं बघावी लागतील, साहेब म्हणतात. तोवर काम थांबवा. जाताना तो वाकून हंड्यात बघायला गेला, आणि बघून झाल्यावर एकदम मागे सरला. काय दिसलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने बदली मागून घेतली.

मिक्सर रिकामा परत गेला. ती जागा ना उघडली, ना बुजवली. भोवती पिवळी फीत बांधली आहे, ती दर पावसाळ्यात कुजते आणि नवी लावतात. नंतर झालेल्या पंचनाम्यात हंड्याची नोंद 'मालक अज्ञात' अशी आहे. पारी अजून झाडते. दुपारी आता तिथे काही ऐकू येत नाही.

चौऱ्याहत्तर साली मे महिन्यात, उंबराच्या वाडीची विहीर बुजवण्याआधी आत कोणी वाकून बघितलं होतं का, याचं उत्तर अजून कोणीही दिलेलं नाही.